पोटातले सत्तर किलोमीटर

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आणली ती कडुबा साबळे यांनी. त्यांना सगळे नाना म्हणतात. गाडी आली त्या दिवशी नानांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि पेढे वाटताना घरोघरी एकच सूचना दिली, "आवाज येत नाय म्हून गाडी बंद हाय असं समजू नका. पोरं सांभाळा." मी बरोबर समोर राहते, गणिताच्या शिकवण्या घेते, आणि माझ्या खिडकीतून नानांचं अंगण सबंध दिसतं. त्यामुळे त्या गाडीचं पुढं जे झालं ते मी पाहायचं नाही म्हटलं असतं तरी दिसलंच असतं.

नाना चोवीस वर्षं वाळूजच्या स्कूटर कारखान्यात होते. त्यांचं काम एकच, टाकीखाली पेट्रोलचा कॉक बसवायचा. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं की जुन्या स्कूटरला तीन खुणांचा एक कॉक असे: चालू, बंद आणि रिझर्व्ह. पेट्रोल संपत आलं की स्कूटर खोकायला लागायची. मग माणूस वाकून तो कॉक फिरवायचा आणि टाकीच्या तळाशी राखून ठेवलेलं पेट्रोल सुरू व्हायचं. पंधरा-वीस किलोमीटरची सोय. नाना म्हणत, "देशात कुणी बी रस्त्यात अडकला अन् घरी पोचला, तर त्यात माझा हात हाय." दिवसाला दीडशे कॉक या हिशोबानं मी एकदा मांडून पाहिलं. आकडा दहा लाखांच्या वर गेला. मी तो त्यांना सांगितला नाही, आधीच त्यांची मान पुरेशी ताठ आहे.

कारखान्यातली स्कूटर बंद झाली, नाना चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये दहा-बारा वर्षं सुपरवायझर राहिले, साठीला घरी बसले. पण रिझर्व्ह काही त्यांच्या अंगातून गेला नाही. घरात एक सिलिंडर कायम भरलेला आणि न लावलेला. एक ट्यूबलाईट खोक्यात. मोबाईलच्या कव्हरमागं पाचशेची घडी. गव्हाचं अर्धं पोतं नेहमी राखून, त्यामुळे नवे गहू येतात आणि खायला जुनेच निघतात. त्यांच्या पत्नी रत्नमालाताई एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्या सालचा गहू त्या साली म्या अजून खाल्ला नाय." हसून म्हणाल्या, पण अगदीच हसून नाही.

गाडी घेताना नानांना शोरूममधल्या रूपाली नावाच्या मुलीनं सगळं नीट सांगितलं होतं. एकाच गाडीचे दोन प्रकार. दोन्हींची बॅटरी तीच, तेवढीच. स्वस्त गाडीत कंपनीनं ती कुलूपबंद केलेली. पूर्ण चार्जिंगवर एकशे ऐंशी किलोमीटर चालणार. कधीही साठ हजार भरा, कुलूप तिथल्या तिथं उघडतं आणि गाडी अडीचशे जाते. कुठं न्यायला नको, काही बदलायला नको. नानांनी कागदावर सही केली, कारण गावात फिरायला एकशे ऐंशी म्हणजे चंगळ होती. पण गाडी दारात येऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर ते सत्तर किलोमीटर त्यांना टोचायला लागले. रोज सकाळी गाडी चालू केली की पडद्यावर विचारणा यायची: आणखी सत्तर किलोमीटर हवेत का? खाली दोन चौकटी, ‘आत्ता उघडा’ आणि ‘नंतर’. नाना रोज ‘नंतर’वर बोट टेकवायचे, ते इतकं जोरात की मला वाटायचं पडदा फुटेल.

"माझ्या गाडीत हाय, माझ्या दारात हाय, अन् मलाच परत इकत घ्यायला लावत्यात," ते म्हणायचे. "आमच्या स्कूटरला कुणी रिझर्व्हचे येगळे पैसे मागितले होते का?"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही गाडीचे पैसेही कमीच दिलेत की."

"मंग बॅटरी बी कमी बसवायची. मी कशाला तिचं वजन वाहू?"

हा वजनाचा मुद्दा त्यांच्या डोक्यात असा बसला की एके दिवशी ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या वकिलांना घेऊन चिकलठाण्याला गेले. वकिलांकडं तीच गाडी, पण महागातली. तिथं ट्रक मोजायच्या काट्यावर दोन्ही गाड्या एकामागून एक चढवल्या. दोन्हींचं वजन सोळाशे चाळीस किलो. नानांनी काट्याच्या दोन्ही पावत्या एका प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतल्या आणि पुढं वर्षभर ज्याला त्याला दाखवल्या. गॅसवाल्यालाही सोडलं नाही. पावतीनं सिद्ध काय होत होतं? जे रूपालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच. पण नानांना वाटे की चोर पकडला.

इथवर ही करमणूक होती. यात रत्नमालाताईंची बहीण नसती तर ती करमणूकच राहिली असती.

साळूबाई रत्नमालाताईंहून आठ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा साळूबाई बारा वर्षांच्या, रत्नमालाताई चार. दोन वर्षांनी साळूबाईंचं लग्न झालं, सोयगावच्या अलीकडं, अजिंठ्याचा घाट उतरल्यावर जे गाव लागतं तिथं. करवली म्हणून धाकटी सोबत गेली ती तिथंच राहिली. साळूबाईंनीच तिला वाढवलं, शाळेत घातलं, आणि आपल्या दारात मांडव घालून नानांना दिलं. म्हणजे रत्नमालाताईंचं माहेर साळूबाईंचं घर. आणि साळूबाईंचं? वडीलही लवकर गेले, भाऊ नव्हता. त्यांना हक्कानं चार दिवस जाऊन पडायला एकच दार होतं, ते पुंडलिकनगरातलं. भाऊबीजेला दोघी एकमेकींना ओवाळायच्या, एक साल तिकडं, एक साल इकडं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ओवाळणी म्हणून साळूबाई बहिणीच्या ताटात दहाची कोरी नोट टाकायच्या, आणि बहीण त्यांच्या ताटात दहाचीच टाकायची.

तीन वर्षांपूर्वी साळूबाई परसात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. प्लेट आणि स्क्रू घालून पाय उभा केला, पण तेव्हापासून त्या वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत. एसटीची पायरी चढणं सरलं, जीपचं तर नावच नको. डॉक्टर म्हणाले होते की कारमध्ये पुढची सीट मागं पाडून, पाय लांब ठेवून नेता येईल, पण तीन तासांच्या वर नाही, आणि एकदा बसवलं की एकदाच उतरवायचं. मध्ये उचलाउचल करायची नाही. गाडी दारात आली तेव्हा रत्नमालाताईंच्या मनात पहिली गोष्ट हीच आली. अक्काला आणायचं. या भाऊबीजेला पंधरा दिवस.

अंतर एकशे अठरा किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे छत्तीस. गाडी चालते एकशे ऐंशी. हे गणित सातवीतलं पोरही करेल. सिल्लोडला एका हॉटेलापुढं चार्जर होता, पण परतताना तिथं तास-सव्वा तास थांबायचं म्हणजे अक्कांचे तीन तास तिथंच संपणार, आणि जातानाच तिथं भरून घेतलं तरी घाट चढून घरापर्यंत पुरेल याचा भरवसा नाही. रत्नमालाताई म्हणाल्या, भाड्याची गाडी करू. नाना म्हणाले, "दारात पंधरा लाखाची गाडी हुबी करून भाड्याच्या गाडीत बसू? गाव काय म्हणंल?" मग साठ हजार भरा. त्यावर पावत्या निघाल्या.

त्याऐवजी नानांनी काय करावं? ते एसटीनं साळूबाईंच्या गावी गेले. तिथल्या घरांत अर्थिंगचा पत्ता नाही, आणि अर्थिंग नसलं की या गाड्यांचा चार्जर लाल दिवा लावून बसतो, वीज घेत नाही. नाना सोबत तांब्याची प्लेट, मिठाची पिशवी आणि कोळशाचं पोतं घेऊन गेले. एक गडी लावून साळूबाईंच्या अंगणात सात फूट खड्डा घेतला, प्लेट उभी केली, कोळसा-मिठाचे थर दिले, वर पाणी ओतलं. अख्खं गाव पाहायला जमलं. कुणीतरी विचारलं, "नाना, बोअर घेताय का?" दिवस मोडला, पाठ धरली, पण अर्थिंग असं झालं की सबस्टेशनवाल्यानं शिकावं. तिथं चार तास गाडी लावली की परतीचं निघून जाईल, असा त्यांचा बेत. कामाचा माणूस, त्यात खोट काढता येणार नाही. साठ हजारांपेक्षा सात फूट खड्डा त्यांना सोपा वाटला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं चकल्यांचा सोऱ्या आणायला गेले होते. नाना गाडीला चार्जिंगची वायर लावत होते.

रत्नमालाताई म्हणाल्या, "आवो, ते एकदाचं दाबून टाका, अन् मंग लावा चार्जिंगला. रस्त्यात माझ्या जिवाला घोर नको."

"रस्त्यात अडलं तर रस्त्यात दाबू," नाना म्हणाले. "फोन हाय, पैसे हायेत. एक बोट लावलं की सत्तर किलोमीटर. रिझर्व्ह कुणी घरातूनच चालू करून निघतं का?"

मग माझ्याकडं वळून, "सांगा की हिला मॅडम."

आणि मी म्हटलं, "बरोबर आहे." खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं. जे आत आहे ते लागेल तेव्हा उघडता येईल, यात चुकीचं काय? रत्नमालाताईंना विजेतलं काही कळत नाही. पण त्या संध्याकाळी बरोबर त्याच बोलल्या होत्या.

सकाळी सहाला दोघं निघाले. पुढचं मी तिघांकडून तीन वेळा ऐकलं, आणि तिघांच्या सांगण्यात फरक फारसा नाही.

साळूबाई पहाटेपासून इरकल नेसून तयार होत्या. बिबडे, कुरडया, तिळाची चटणी, असं गाठोडं बांधलेलं. गाडी पोचली तेव्हा तिच्यात बासष्ट किलोमीटर उरले होते. चार्जर लावला, हिरवा दिवा लागला, नानांनी जमलेल्या गावाकडं एकदा पाहून घेतलं. दीड तासानं लाईट गेली. वाट पाहिली. अडीच वाजता वायरमनला फोन लागला. तो म्हणाला, फीडरवर काम आहे, आता रात्री दहाला. गाडीत ब्याण्णव झाले होते. घरी जायला एकशे अठरा पाहिजेत, आणि मध्ये घाट चढायचा.

रत्नमालाताई म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ. रातच्याला लावा, सकाळी निघू."

साळूबाईंचा चेहरा उतरला. त्या सकाळपासून दोनदा वेणी घालून बसल्या होत्या. नानांनी ते पाहिलं. त्यांचा हट्ट होता हे खरं, पण त्या क्षणी मेहुणीची हौस मोडवेना हेही खरं. "ब्याण्णव अन् सत्तर," ते म्हणाले, "एकशे बासष्ट झाले की. चला अक्का."

साळूबाईंना खुर्चीसकट गाडीपाशी आणून पुढच्या सीटवर निजवलं. घाटात आकडा भराभर उतरला. सिल्लोडला चार्जर चालू होता, मोकळाही होता. गाडीत एकतीस उरले होते. नाना थांबले नाहीत. थांबायचं कारणच त्यांना दिसत नव्हतं, त्यांच्या लेखी टाकीच्या तळाशी सत्तर किलोमीटर पडलेले होते आणि अक्कांचा वेळ चालला होता. साळूबाई मजेत होत्या. तीन वर्षांनी मोठा रस्ता पाहत होत्या, दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

आळंद ओलांडल्यावर आकडा पाचवर आला. नानांनी गाडी कडेला घेतली, आणि वर्षभर ज्या चौकटीला बोट लावलं नव्हतं तिला लावलं. फोनवरून साठ हजार गेले. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. अकरा मिनिटं फिरलं. मग रंगीत फुलं उधळली आणि अक्षरं आली: अभिनंदन, आता तुमची गाडी पूर्ण चार्जिंगवर अडीचशे किलोमीटर जाईल.

त्याच्या खाली आकडा होता. पाच.

नानांनी गाडी बंद करून चालू केली. पाच. उतरून, दार लावून, पुन्हा बसले. पाच. मग त्यांनी रूपालीला फोन लावला आणि आवाज चढवला. ती पोरगी शांत राहिली. म्हणाली, "काका, उघडलंय की. पण ती जागा वरची आहे. तुमची बॅटरी आजवर तेवढी भरतच नव्हती. आज रात्री चार्जिंगला लावा, उद्या अडीचशे दिसतील."

"वरची म्हंजे?"

"म्हणजे रिकामी, काका. त्यात काही नव्हतंच."

नानांनी फोन ठेवला. ज्या माणसानं दहा लाख टाक्यांच्या तळाशी रिझर्व्ह ठेवला, त्याला कुणी राखून ठेवलेली गोष्ट तळाशीच असणार असं वाटलं, यात नवल नाही. दुसऱ्या कुणी कदाचित एकदा तरी विचारलं असतं. नानांना विचारायची गरज वाटली नाही, कारण त्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं याची त्यांना खात्री होती. आणि माझंही शिक्षण त्या संध्याकाळी कुठं गेलं होतं कोण जाणे.

पाच किलोमीटरमध्ये जेवढं जाता येईल तेवढं ते गेले. रस्त्याला लागून शफीक नावाच्या माणसाचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि मागं त्याचं घर. वेल्डिंगवाल्याकडं लाईन जोरदार आणि अर्थिंग पक्कं असतं, हे नानांना ठाऊक होतं. शफीकनं दोन शब्दांत समजून घेतलं. "टेन्शन नका घेऊ नाना, लावा वायर. घरी पोचण्यापुरतं भरायला दोन-अडीच तास लागतेत."

अडीच तास. साळूबाईंचे तीन तास आत्ताच संपत आले होते. त्या आता कण्हायला लागल्या. शफीकची बायको शहजादी बाहेर आली, तिनं एकदा गाडीत डोकावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अम्मा को अंदर लेव. ऐसा कैसा बैठाके रखे?" अंगणातली बाज आत घेतली, वर गोधडी टाकली. नाना, शफीक आणि रत्नमालाताई, तिघांनी मिळून साळूबाईंना सीटवरून उचललं, शहजादीनं पाय धरला. दार अरुंद. उचलताना कंबर एकीकडं फिरली आणि पाय एकीकडं राहिला. साळूबाई ओरडल्या. रत्नमालाताई म्हणतात, पडल्या त्या दिवशीही अक्का तशी ओरडली नव्हती.

शहजादीनं तेल कोमट करून आणलं, चहा केला, साळूबाईंच्या उशाशी बसून राहिली. नाना बाहेर गाडीजवळ उभे होते. शफीकनं खुर्ची दिली तरी बसले नाहीत. निघताना विजेचे पैसे विचारले तर शफीक म्हणाला, "अम्मा को लेके जाव आराम से, बस." आणि मग साळूबाईंना पुन्हा उचलून गाडीत ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. स्क्रू जागचा हलला होता. डॉक्टर म्हणाले, या हाडावर आता दुसरं ऑपरेशन होणार नाही. दुखणं औषधानं कमी होईल, दोन-चार पावलं चालतील, पण बसून प्रवास संपला. घरी पोचवायचं तर एकदाच, अॅम्ब्युलन्समध्ये, आडवं. हे त्यांनी नाना आणि रत्नमालाताईंना खोलीबाहेर बोलावून सांगितलं. साळूबाईंना कुणी सांगितलं नाही.

भाऊबीज पलंगावर झाली. रत्नमालाताई पलंगाशी गुडघ्यांवर बसल्या, साळूबाईंनी पडल्या पडल्या ताट फिरवलं, निरांजनातलं तूप थोडं चादरीवर सांडलं. दहाच्या दोन नोटा अदलाबदल झाल्या. साळूबाई खुशीत होत्या. दुखत होतं, पण बहिणीच्या हातचं अंथरुणात मिळत होतं, आणि गल्लीतल्या बायका दुपारी येऊन बसत होत्या. मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पाय काय, आज ना उद्या दुखायचा ऱ्हाईल. पर आले बाई मी." मी हसले आणि घरी येऊन मला नानांचा इतका राग आला की दोन दिवस खिडकी उघडली नाही. माझा स्वतःचाही आला होता, पण स्वतःवरचा राग फार वेळ धरून ठेवता येत नाही.

पंधरा दिवसांनी अॅम्ब्युलन्स आली आणि साळूबाई आपल्या गावी गेल्या. नानांची गाडी आता रोज सकाळी अडीचशे दाखवायची. ते मंडईत जात, औरंगपुऱ्यात औषध आणायला जात, परत येत. काट्याच्या पावत्या कुणाला दाखवत नव्हते. रत्नमालाताई त्यांना काही बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त नव्या पोत्यातले गहू काढून दळून आणायला लागल्या, आणि नानांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

पौषात एका सकाळी रत्नमालाताई पिशवी घेऊन निघाल्या. अक्काकडं, एसटीनं. नाना किल्ली हातात घेऊन फाटकाशी उभे होते.

"गाडी जाती आता," ते म्हणाले. "जाऊन यिऊन बी उरती."

"म्हाईत हाय," रत्नमालाताई म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात जाऊन बसल्या.

नाना तिथंच उभे राहिले. मग त्यांनी फाटकाला कडी घातली, चप्पल घरातली, स्वेटर घरातला, आणि जाऊन त्याच रिक्षात दुसऱ्या बाजूनं बसले. रिक्षा निघून गेली. हे मी पाहिलं. पुढचं रत्नमालाताईंनी महिन्यानं परत आल्यावर सांगितलं.

गावी पोचल्यावर नाना सरळ साळूबाईंच्या बाजेपाशी गेले, खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अक्का, चूक माझी हाय. पैसा होता, सोय होती, रत्नी सांगत होती. मी ऐकलं नाय. तुमच्या पायाचं वाटोळं मी केलं." चाळीस वर्षांत नानांच्या तोंडून ‘चूक माझी’ हे रत्नमालाताईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्या दारातच थांबल्या.

साळूबाईंनी हात झटकला. "आवो पाव्हणं, उठा तिथून. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडत नाय का? त्या शहजादीनं किती केलं माझं, सख्खी लेक करायची नाय." मग थोडं उठून बसायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "ते जाऊ द्या. आता आखाजीला न्यायला कधी येता ते सांगा. तवर चालते बघा मी."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या भागात लेकी माहेरी जातात. नानांनी दाराकडं पाहिलं.

रत्नमालाताई आत आल्या, पिशवी खाली ठेवली. "अक्का," त्या म्हणाल्या, "आता मीच येत जाईन. आखाजीला बी, भाऊबीजेला बी. आता बी महिनाभर ऱ्हाते."

साळूबाईंनी बहिणीकडं पाहिलं, मग नानांकडं, मग आपल्या पायाकडं.

"मंग माझं माहेर सरलं म्हन की," त्या म्हणाल्या.

रत्नमालाताई चूल पेटवायला उठल्या. नाना संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत आले.